पन्नास ग्रॅम

दर महिन्याच्या बारा तारखेला
नेस्तान कुताइसीच्या बाजारात उतरते.
पिशवीत टॅबलेट, टोपीत कोंबलेले केस,
आणि एक छोटा काटा,
जो कार्यालयानं दिलेला नाही.

तिच्या यादीत मोजे आहेत, पुरुषांचे, लोकरी.
दाढ काढण्याची फी आहे.
प्रेताला लागणाऱ्या मेणबत्त्या आहेत, डझनावर.
आणि सतराव्या ओळीला : शोती, भट्टीतली, एक नग.
या सगळ्याची गोळाबेरीज करून
राजधानीत कुणीतरी एक आकडा काढतं,
दशांशानंतर एकच घर.
शितावरून भाताची परीक्षा.
नेस्तान शितं वेचते.

अंब्रोसीची भट्टी पुलाच्या अलीकडे,
जमिनीत पुरलेल्या रांजणासारखी.
तो कमरेपासून आत वाकतो,
कणकेची होडी भिंतीला थापतो
आणि लालबुंद होऊन वर येतो.
"दीड लारी," न विचारताच सांगतो.
"मागच्या वर्षीही दीडच. लिही.
गव्हाचा भाव बघ, गॅसचं बिल बघ,
मी कुणाच्या खिशाला हात लावला नाही."

नेस्तान दीड लारी मोजते,
शोती काट्यावर आडवी ठेवते.
शोती लांब, काटा एवढासा,
दोन्ही टोकं हवेत.
तीनशे पन्नास.
गेल्या हिवाळ्यात चारशे होती.

आमच्याकडे याला काटा मारणं म्हणतात.
तिच्याकडे काय म्हणतात मला माहीत नाही.
पण अंब्रोसी जे बोलला
ते कुठल्याही बाजारात कळलं असतं :
"मी खोटं कुठं बोललो?
तू भाव विचारलास, मी भाव सांगितला."

मागे गोचा पिठाची पोती रचत होता.
पूर्वी रोज यायचा, आता फक्त मंगळवारी.
नेस्तानच्या शेजारच्या टेबलावरची बाई
त्याला दुसरा प्रश्न विचारून आली होती :
गेल्या आठवड्यात किमान एक तास काम केलंत का?
केलं.
म्हणजे गोचा कामावर आहे.
पाव महागला नाही, बेकारी वाढली नाही.
दोन्ही वाक्यं शपथेवर सांगता येतील अशी.

"लिहू नकोस," अंब्रोसी हळूच म्हणाला.
"नदीपलीकडच्या कारखान्यानं पाव केवढा केलाय
ते बघितलंस? आत इतकी हवा की फुंकर मारली तर उडेल.
चोर म्हणून मीच का?"

बघितलं होतं तिनं.
कारखान्याचे भाव ईमेलनं येतात.
फाटकावर पिशव्या तपासतात, काटा आत जात नाही.
त्यांचा वार्षिक अहवाल मात्र घरपोच येतो,
गुळगुळीत कागदाचा,
त्यात 'आमची जबाबदारी' अशी सहा पानं
आणि गव्हाची ओंबी धरलेली एक मुलगी.

"तुझं नाव कुठंच जात नाही," नेस्तान म्हणाली.
"फक्त वजन जातं."
आणि तिनं ३५० टाइप केलं.
सतराव्या ओळीपुढं चौदा टक्के उमटले.
राजधानीतला आकडा जागचा हलला नाही.
पावाचे तुकडे तिनं पुलावरून
कावळ्यांना टाकले नाहीत, घरी नेले.

मार्चमध्ये भट्टीबाहेर एक पाटी होती,
खडूनं, शाळकरी अक्षरात :
शोती ३५० ग्रॅम, दीड लारी.
चारशेची हवी तर एक लारी सत्तर.
दोन गिऱ्हाइकं वाचून पुढं गेली.
एकानं विचारलं, मग आधीची कितीची होती?
अंब्रोसीनं आधीचीही सांगितली.

एल्पिदे म्हातारी पाटीपाशी बरीच थांबली,
चष्मा काढला, पुसला, परत लावला.
"अरे देवा," ती म्हणाली,
"मी वर्षभर समजत होते,
या वयात माझी भूक वाढलीय."

कुणी हसलं नाही.
अंब्रोसी भट्टीत वाकला
आणि शेवटची शोती सुटून आल्यावरही
बराच वेळ वर आला नाही.